साकोलीच्या जंगलातल्या झाडाचा पुरावा पुण्यात का असतो? त्यामागच्या फादर सांतापाव यांची गोष्ट

साकोलीहून नागझिऱ्याच्या दिशेनं निघालं की मोह, पळस, तेंदू दिसायला लागतात. उन्हाळ्यात मोहफुलं वेचणाऱ्या आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या माणसाला यातलं प्रत्येक झाड लांबूनच ओळखू येतं. पण आपल्याकडचा मोह हिंदी पट्ट्यात महुआ होतो आणि तेंदूला महाराष्ट्रातच दुसरीकडे टेंभुर्णी म्हणतात.

म्हणून झाडाला एक शास्त्रीय नाव लागतं, आणि त्या नावाला पुरावा लागतो. हा पुरावा जिथं जपला जातो, ती जागा म्हणजे हर्बेरियम. फांदी, पानं, फुलं दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि खाली लिहायचं, कुठं मिळालं, कधी मिळालं, कुणी गोळा केलं. उद्या ते जंगल राहिलं नाही तरी तिथं काय उगवत होतं, हे तो कागद सांगतो.

महाराष्ट्रातल्या या कामाचा विषय निघाला की एक नाव येतंच, फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव.

त्यांचा जन्म १९०३ चा, स्पेनमधला. ते जेझुइट पंथाचे धर्मगुरू होते. १९२८ मध्ये भारतात आले, पुढं लंडन विद्यापीठातून पीएचडी केली आणि तिथल्या प्रसिद्ध क्यू उद्यानात काम केलं. भारतातल्या झाडांवर काम करायचं तर क्यूला जावंच लागायचं. कारण इंग्रजांनी इथून गोळा केलेले कितीतरी महत्त्वाचे नमुने तिकडंच होते. झाड आपलं, पुरावा मात्र सातासमुद्रापार, असा सगळा मामला.

१९४० मध्ये ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये शिकवायला लागले. तिथं एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइटानं १९०६ मध्ये सुरू केलेलं हर्बेरियम होतं. ब्लॅटर १९३४ मध्ये गेले. त्यांच्याच नावानं ओळखलं जाणारं हे ब्लॅटर हर्बेरियम सांतापाव यांनी सांभाळलं आणि वाढवलं. मुंबईच्या दमट हवेत वाळलेल्या पानांना बुरशी आणि किडीपासून वाचवणं हेच मोठं काम. आज तिथं लाखाहून अधिक नमुने आहेत.

पण हा माणूस कपाटं सांभाळत बसणाऱ्यातला नव्हता. तेव्हा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींसाठी थिओडोर कुक यांचा शतकाच्या सुरुवातीला आलेला ग्रंथ प्रमाण मानला जायचा. त्यातलं जागेवर जाऊन तपासायला हवं होतं. सांतापाव खंडाळ्याला पुन्हा पुन्हा गेले, वेगवेगळ्या ऋतूंत गेले. कारण एका फेरीत जंगल कळत नाही. काही रोपं फक्त पावसाळ्यात दिसतात, आणि कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. यातून १९५३ मध्ये खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ आला. पुढं पुरंदरवरही आला.

आता येतो खरा वादाचा मुद्दा.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था १८९० ची. स्वातंत्र्याच्या आधीच तिचं काम थंडावलं होतं. ती पुन्हा उभी करण्यासाठी पंतप्रधान नेहरूंनी जानकी अम्माल या शास्त्रज्ञ बाईंना परदेशातून बोलावून घेतलं. भारताच्या झाडांचा अभ्यास भारतात आणि भारतीयांनी करावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पण १९५४ मध्ये मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली सांतापाव यांची. क्यूमध्ये तयार झालेल्या युरोपियन माणसाकडं सूत्रं गेली, याचं अम्माल यांना वाईट वाटलं. ती नाराजी त्यांनी खासगी पत्रात लिहूनही ठेवली.

त्यांची नाराजी चुकीची म्हणता येत नाही. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि नमुन्यांसाठी अजून लंडनकडंच बघावं लागत होतं.

पण पुढं काय झालं तेही बघा. संस्थेची विभागीय केंद्रं देशात उभी राहिली. १९५५ मध्ये पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात सुरू झालं. म्हणजे महाराष्ट्रातले नमुने महाराष्ट्रातच जपायची सोय झाली. याच केंद्राच्या कामातून पुढं १९९६ ते २००१ या काळात विदर्भासह अख्ख्या राज्याच्या वनस्पतींची नोंद ग्रंथरूपात आली. साकोलीच्या जंगलाचा पुरावा पुण्यात का, तर त्याचं उत्तर हे असं.

सांतापाव पुढं या संस्थेचे संचालकही झाले. त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं होतं. शास्त्रज्ञांपुरतंच न लिहिता त्यांनी सामान्य वाचकांसाठी नॅशनल बुक ट्रस्टचं नेहमीच्या झाडांवरचं पुस्तकही लिहिलं. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी आपलं नागझिरा अभयारण्य झालं.

सह्याद्रीतल्या एका कंदीलपुष्पाला त्यांच्या नावावरून सेरोपेजिया सांतापावी असं नाव दिलंय. झाडांची नावं पक्की करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचं नाव आता एका वेलीवर आहे. आणि त्या नावाचा पुरावाही कुठल्यातरी हर्बेरियममध्ये कागदावर चिकटवलेला असणार.