स्विफ्टचा कम्पायलर अडवतो, त्यामागे आहेत अलोंझो चर्च

आयफोनचं अ‍ॅप लिहिताना कम्प्लिशन हँडलर म्हणून आकडा घेणारं क्लोजर हवं असेल आणि तुम्ही स्ट्रिंग घेणारं दिलंत, तर स्विफ्ट कोड चालूच देत नाही. या कटकटीचं मूळ अ‍ॅपलच्याही आधीचं आहे.

अलोंझो चर्च १९०३ साली वॉशिंग्टनमध्ये जन्मले, प्रिन्स्टनमध्ये शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. १९३२ मध्ये त्यांनी गणितासाठी नवा पाया मांडला. त्यात एक फंक्शन दुसऱ्या फंक्शनच्या हाती देता यायचं. पण क्लीनी आणि रॉसर या त्यांच्याच विद्यार्थ्यांनी १९३५ मध्ये दाखवून दिलं, की ही मांडणी स्वतःलाच खोटं पाडते. गुरूची पंचाईतच! चर्च यांनी बिघडलेला तर्काचा भाग सोडला, फंक्शनचा ठेवला. तोच लॅम्डा कॅल्क्युलस. त्याच्या जोरावर १९३६ मध्ये त्यांनी गणितातला एक मोठा प्रश्न निकाली काढला, तोही अ‍ॅलन ट्युरिंग यांचा पेपर छापून येण्याआधी. ट्युरिंग मग त्यांच्याकडेच पीएचडीला आले.

१९४० मध्ये चर्च यांनी प्रत्येक फंक्शनला टाइप चिकटवला: काय घेणार, काय देणार. जुळलं नाही, तर ते लिहिणंच चूक. स्विफ्टमध्ये क्लोजरच्या टाइपमधला बाण हाच हिशेब सांगतो. चर्च १९९५ मध्ये गेले. स्विफ्ट आली २०१४ मध्ये.