हार्ड डिस्कवाले मास्तर

दिवाळीच्या सुट्टीत श्रीरामपूरला घरी गेले तेव्हा कॉम्प्युटरची हार्ड डिस्क भरून गेली होती. बाबांचं विंडोज आणि माझं लिनक्स एकाच 320 जीबीत कोंबलेलं, त्यात आजोबांच्या पंचाहत्तरीचे सगळे फोटो. मग काय, 1 टीबीची नवीन डिस्क आणली आणि पार्टिशन्स कॉपी करायला लावली. तीन तास लागणार होते. तेवढ्यात मोबाईलवर एका माणसाबद्दल वाचलं आणि वेळ कसा गेला कळलंच नाही.

रेनॉल्ड जॉन्सन. आपल्या कॉलेजात किती जणांना हे नाव माहीत असेल? मला तरी नव्हतं. 1906 साली अमेरिकेत मिनेसोटात एका स्वीडिश कुटुंबात जन्म. शिक्षण इंजिनियरिंगचं नाही बरं का! हा होता हायस्कूलचा मास्तर, मिशिगनमध्ये सायन्स शिकवणारा. पेपर तपासून वैतागला आणि पेपर तपासणारं मशीनच बनवायला बसला.

त्याची आयडिया कुठून आली ते भारी आहे. लहानपणी बहिणींना भेटायला जी पोरं गाडी घेऊन येत, त्यांच्या स्पार्क प्लगवर हा पेन्सिलने रेघ मारून ठेवायचा. शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाईटमधून करंट जातो, त्यामुळे ठिणगी पडायची नाही आणि गाडी जागेवरच! मोठेपणी त्याने तेच वापरलं. उत्तराच्या जागी पेन्सिलची खूण असेल तर करंट जाईल आणि मार्क मोजला जाईल. आपण स्कॉलरशिपच्या परीक्षेला गोल काळे केले, ते आता प्रकाशावर वाचले जातात, पण आधीचं मशीन हे. आयबीएमने ते घेतलं आणि 1934 मध्ये मास्तरांनाही नोकरीवर घेतलं.

1952 साली कंपनीने त्याला कॅलिफोर्नियात सॅन होजेला पाठवलं, नवीन लॅब काढायला. तेव्हा माहिती पंच कार्डांवर असायची. हजारो कार्डांत एक हवं असेल तर गठ्ठे उपसत बसा. जॉन्सनच्या टीमने ठरवलं की फिरत्या तबकड्यांवर चुंबकीय लेप द्यायचा आणि हवी ती जागा थेट गाठायची. लेप एकसारखा बसेना. शेवटी रंग बायकांच्या पायमोज्यातून गाळला आणि फिरत्या तबकडीच्या मध्याजवळ ओतला, तो आपोआप कडेपर्यंत पसरला. (आपल्या वर्कशॉपमध्ये असं काही केलं असतं तर सरांनी जर्नलवर सही केली नसती!) हेड तबकडीला घासू नये म्हणून मधे दाबाची हवा सोडली.

1956 मध्ये रॅमॅक बाजारात आलं. दोन फुटी 50 तबकड्या, वजन साधारण एक टन, आणि मावणार किती? 50 लाख अक्षरं. म्हणजे आजचं एखादं एमपी-थ्री गाणं.

एवढं करूनही माणूस मास्तरच राहिला. 1971 मध्ये रिटायर झाल्यावर त्याने लहान मुलांसाठी बोलणारी पुस्तकं बनवण्याचं तंत्र काढलं. 90 हून जास्त पेटंट्स नावावर, 1986 मध्ये अमेरिकन सरकारचं तंत्रज्ञान पदक. 1998 साली, वयाच्या 92 व्या वर्षी गेला.

इकडे माझी कॉपी संपली, जुनी डिस्क काढली, बटण दाबलं आणि... काळा स्क्रीन. बूट डिव्हाईसच सापडेना. बाबा मागे उभे, काहीच बोलत नव्हते, हे जास्त वाईट. फोटो गेले असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगते, क्षणभर मलाही. मग डोक्यात प्रकाश पडला, पार्टिशन्स आली होती पण डिस्कच्या अगदी सुरुवातीचा बूट सेक्टर जुन्या डिस्कवरच राहिला होता. पेन ड्राईव्हवरून लिनक्स चालू करून ग्रब पुन्हा टाकलं. मेनूत दोन्ही नावं दिसली. बाबांनी आधी फोटोंचा फोल्डर उघडला, मग चहा मागितला.

जुनी डिस्क तशीच जपून कपाटात ठेवलीय, आईच्या साड्यांखाली.