हाफकिन यांची सुई आणि निरोगी देह

आजाऱ्याला औषध देणे ही वैद्यकाची जुनी रीत होय. परंतु निरोगी देहात रोगाचेच निर्बल वा मृत जंतू घालून, निसर्गाने न दिलेले बळ त्यास आगाऊ द्यावे काय, हा प्रश्न निराळा आहे. वाल्देमार हाफकिन यांचे अवघे आयुष्य या प्रश्नाशी बांधले गेले.

१८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी तिचा पहिला प्रयोगही त्यांनी स्वतःवरच केला. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना ती टोचण्यात आली व टोचून घेतलेल्यांत प्लेगचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले. कैदी स्वेच्छेने पुढे आले हे खरे; मात्र गजाआडच्या इच्छेला स्वेच्छा कितपत म्हणावे, ही शंका उरतेच.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना पद गमवावे लागले. पुढे पुरावे तपासले गेले, तेव्हा संशय वळला तो बाटली उघडताना जमिनीवर पडलेल्या एका चिमट्याकडे. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे ते निवर्तले.

तंत्राने देहाची दुर्बलता समूळ जात नाही. तिचा काही भाग बाटलीकडे, चिमट्याकडे व ते हाताळणाऱ्या माणसाकडे सरकतो. अर्थशास्त्राच्या भाषेत, लाभ अनेकांचा आणि जोखीम मोजक्यांची, असा हा व्यवहार आहे. जोखीम प्रथम कर्त्याने उचलली आणि अपघाताचा जाब देणारा कोणी असला, तरच तो न्याय्य ठरतो. २०१८ मध्ये चीनमध्ये एड्सच्या विषाणूला दाद न देणारी मुले जन्मावीत म्हणून भ्रूणांची जनुके बदलण्यात आली. तेथे त्या मुलांची संमती मिळणे अशक्यच होते आणि प्रयोगकर्त्याच्या देहावर ओरखडाही उठणार नव्हता.

देह बळकट करण्यास विरोध असण्याचे कारण नाही. पण दुसऱ्याच्या देहाकडे वळण्यापूर्वी ही सुई कोणी स्वतःला टोचून घेतली, हे विचारण्याचा अधिकार समाजाने सोडता कामा नये.