विश्लेषण : दत्तक गेल्यावर जन्मघर तुटते का? सयाजीराव गायकवाडांची गोष्ट आणि आजचा कायदा

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) जन्माने महाराज नव्हते. ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, कवळाणे गावच्या काशीराव आणि उमाबाई यांच्या शेतकरी घरात ते जन्मले. नाव गोपाळ. आडनाव गायकवाड असले, तरी राजघराण्याशी नाते दूरच्या शाखेचे होते.

गोपाळचे सयाजीराव कसे झाले?

१८७० मध्ये महाराज खंडेराव वारले आणि त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले. ब्रिटिश रेसिडेंटवर विषप्रयोग केल्याचा आरोप त्यांच्यावर झाला आणि एप्रिल १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले. खंडेरावांच्या विधवा जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून जी मुले बडोद्याला आणली, त्यांत गोपाळ, त्याचा थोरला भाऊ आनंदराव आणि धाकटा संपतराव होते. कशासाठी आलात, असे विचारल्यावर एकट्या गोपाळने राज्य करायला आलो असे सांगितले, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. निवड मात्र एवढ्या एका उत्तरावर झाली असेल, असे मानणे भाबडेपणाचे.

२७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले. त्या दिवसापासून १२ वर्षांचा हा मुलगा शास्त्राने पाच वर्षांपूर्वीच वारलेल्या खंडेरावांचा मुलगा ठरला. नाव बदलले, आई बदलली. काशीराव जिवंत असूनही कायद्याने त्याचे वडील उरले नाहीत. हिंदू धर्मशास्त्रात दत्तक मुलगा जन्मदात्या बापाच्या गोत्रातून आणि वारशातून बाहेर पडतो. ‘द्व्यामुष्यायण’ या प्रकारात तो दोन्ही बापांचा राहत असे, पण त्यासाठी तसा करार लागे.

भाऊ मात्र सोबत राहिले

सयाजीरावांच्या बाबतीत रक्ताचे नाते व्यवहारात टिकले. आनंदराव आणि संपतराव बडोद्यातच राहिले. लिहिता-वाचता न येणाऱ्या गोपाळसाठी इंग्रज शिक्षक एलियट यांची नेमणूक झाली आणि तिघे भाऊ एकत्र शिकले. घरापासून तुटलेल्या मुलाला वर्गात सख्खे भाऊ दिसत होते, ही लहान गोष्ट नव्हे. संपतरावांचे नाव आजही बडोद्यातील संपतराव कॉलनीला आहे.

१८८१ मध्ये सयाजीरावांकडे पूर्ण अधिकार आले. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, बालविवाह प्रतिबंध, घटस्फोटाचा कायदा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्ती, ही पुढची कामगिरी वाचकांना ठाऊक आहेच. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

भाऊ सोबत राहिले, यामागे दत्तकाचा कुठलाही नियम नव्हता. दरबाराला ते परवडणारे होते, एवढेच. साध्या घरातून दत्तक गेलेल्या मुलाला अशी सोय मिळत नसे.

आजचा कायदा काय म्हणतो?

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १२ नुसार, दत्तक दिल्याच्या तारखेपासून जन्मकुटुंबाशी असलेले सर्व संबंध तुटतात. अपवाद थोडे आहेत. जन्मकुटुंबातील ज्या नात्यात लग्न निषिद्ध होते, ते पुढेही निषिद्धच राहते. दत्तक जाण्यापूर्वी नावावर आलेली मालमत्ता मुलाकडेच राहते, आणि त्या मालमत्तेवर जन्मकुटुंबातील नातलगांना सांभाळण्याची जबाबदारी असेल, तर तीही राहते. म्हणजे नाते संपते, पण त्याच्याबरोबर आलेले ओझे संपत नाही.

संस्थेमार्फत होणाऱ्या दत्तकाला २०१५ चा बाल न्याय कायदा लागू होतो. तिथेही दत्तक आदेशाच्या दिवशी जुने संबंध संपतात. मूल सोपवणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. भावंडांना एकाच घरी दत्तक देण्याची सोयही आहे. मात्र भाऊ-बहीण वेगवेगळ्या घरी गेले, तर त्यांच्या भेटीगाठींचा हक्क कायद्यात लिहिलेला नाही. दत्तक आई-वडिलांनी मनावर घेतले, तरच भेट होते.

मोठे झाल्यावर जन्मघर शोधायचे असेल, तर दत्तक नियमावलीत ‘मूळ शोधा’ची तरतूद आहे. १८ वर्षांवरील व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. त्याहून लहान असल्यास दत्तक पालकांसोबत. तिऱ्हाइताला हा शोध घेता येत नाही. मूल सोपवताना आईने ओळख गुप्त ठेवण्याची विनंती केली असेल, तर आधी तिची संमती घ्यावी लागते. तिने नकार दिला, तर अर्जदाराला तिचे नाव कळत नाही.