अमीर खुस्रो आणि हंसवणारीं कोडीं

विद्वत्ता आणि विनोद यांचें वैर आहे, अशी कित्येकांची समजूत असते. ती किती फोल आहे हें कवि अमीर खुस्रो याच्या चरित्रावरून कळून येतें.

खुस्रोचा जन्म इ. स. १२५३ मध्यें उत्तर हिंदुस्थानांतील पटियाली गांवीं झाला. बालपणींच पितृछत्र हरपल्यामुळें तो आईच्या वडिलांकडे वाढला. पुढें सुलतान बल्बनाचा पुत्र महंमद याच्या पदरीं तो मुलतानास राहिला. १२८५ सालीं मोंगलांशीं झालेल्या लढाईंत शहाजादा पडला व खुस्रो त्यांच्या हातीं सांपडला. परंतु तेथून तो निसटला. नंतर दिल्लीच्या अनेक सुलतानांच्या दरबारीं त्यानें काव्यसेवा केली. अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वाऱ्यांचा, त्यांत आपल्या देवगिरीवरील स्वारीचाही, वृत्तांत त्यानें फारशींत लिहिला.

फारशीचा एवढा पंडित, पण लोकांची हिंदवी बोली त्यानें कधीं तुच्छ लेखिली नाहीं. मित्रांकरितां त्या बोलींत कांहीं रचना केल्याचें त्यानें स्वतःच नमूद केलें आहे. त्याच्या नांवावर आजही पहेल्या, मुकऱ्या, दोसुखने व ढकोसले गाइले-सांगितले जातात. मुकरींत सखी उत्तर ओळखते आणि बोलणारी साफ मुकरून भलतीच वस्तु सांगते. ढकोसल्यांत अर्थाचा मेळच नसतो. दोसुखन्यांत दोन विसंगत प्रश्नांस एकच उत्तर असतें. आपल्या मराठींत आम्ही असें विचारूं : नवरदेवाचा गळा सुना कां? पैलवान हंसतो कां? दोहोंचें उत्तर एकच : हार नाहीं!

या रचना शेंकडों वर्षें तोंडोतोंडीं चालत आल्या. त्याच्या काळचा लेखी पुरावा नसल्यामुळें त्यांतील खुस्रोच्या कोणत्या व लोकांनीं मागाहून घातलेल्या कोणत्या, हें विद्वानांस निश्चित सांगतां येत नाहीं. मात्र लोकांनीं आपलें हंसूं ज्याच्या नांवें केलें, त्याच्यावर त्यांचें किती प्रेम असावें!

१३२५ सालीं त्याचे गुरु निजामुद्दीन औलिया निवर्तले. कांहीं महिन्यांतच खुस्रोही गेला. दिल्लीस गुरूच्या कबरीजवळच त्याची कबर आहे.

विद्यार्थ्यांनो, आपल्या आजीच्या तोंडींही उखाणे व कोडीं असतील. तीं आजच लिहून घ्या, आणि खालीं तिचें नांव घालावयास विसरूं नका. पालकांनींही या कामीं मुलांस साह्य करावें, अशी आमची विनंति आहे.