नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सोपं केलं पंचांगाचं गणित

मुरुड तालुक्यातलं नांदगाव म्हटलं की समुद्र, नारळी-पोफळी आणि सिद्धिविनायकाचं देऊळ आठवतं. पण जवळपास ३५० वर्षं महाराष्ट्रातल्या घराघरांत जी तिथी पाळली गेली, तिचं गणित याच गावात बसलं, हे फार कमी जणांना ठाऊक आहे.

गणेश दैवज्ञांचा जन्म १५०७ सालचा. वडील केशव दैवज्ञ मोठे ज्योतिषी. मुहूर्तावरचा 'मुहूर्ततत्त्व' हा ग्रंथ त्यांचाच. केशव नुसते पोथी लावणारे नव्हते. ते रात्री आकाशातले ग्रह स्वतः बघायचे आणि पोथीतल्या आकड्याशी ताडायचे. फरक सापडला तर फरक पडतो असं सरळ लिहायचे. पुढच्यांनीही असंच बघून दुरुस्ती करावी, असं त्यांनी सांगून ठेवलं.

मुलाने ते मनावर घेतलं. समुद्रकाठच्या खडकावर बसून ते वेध घेत, असं सांगतात. १५२० (शके १४४२) हे आरंभवर्ष धरून त्यांनी 'ग्रहलाघव' रचला. तेव्हा वय अवघं तेरा होतं म्हणतात!

आता यात विशेष काय? तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकायला लागणारा वेळ. ती रात्री दोनला संपेल नाहीतर भर दुपारी. एकादशी आज की उद्या, लग्नाची घटिका कोणती, हे सगळं त्यावर ठरतं. जुन्या सिद्धांतांच्या रीतीने गणित करायचं तर कलियुगापासूनचे दिवस मोजा, म्हणजे सोळा लाखांच्या वरचा आकडा, आणि वर ज्या-चापाची किचकट कोष्टकं. गणेशांनी अकरा-अकरा वर्षांची चक्रं पाडली. दिवसांचा आकडा ४०१६ च्या वर जाईना. ज्या-चाप तर काढूनच टाकले. खेड्यातल्या जोशीबुवांनाही जमेल असा हिशेब झाला. पुढे 'तिथिचिंतामणी'त तयार कोष्टकं दिली, त्यामुळे वर्षाचं पंचांग भराभर तयार होऊ लागलं. १५४५ साली भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर टीकाही लिहिली.

गुजरात, कर्नाटकापर्यंत ग्रहलाघव पोचला. छापखाने आले तेव्हा छापील पंचांगंही त्यावरूनच निघाली.

मात्र साडेतीनशे वर्षांत बारीक चूक साचत गेली. ग्रहणाची वेळ चुकू लागली. केरूनाना छत्रे यांनी १८६५ च्या सुमारास नव्या कोष्टकांवरून आकाशाशी जुळणारं पंचांग काढलं, तर लोक ते घेईनात. वाडवडलांचं सोडायचं कसं, हा प्रश्न! खरं तर वाडवडलांचे आकडे तपासूनच गणेशांनी आपला ग्रंथ रचला होता, हे भांडणाऱ्यांच्या ध्यानातच आलं नाही.

या बापलेकांचं काम मराठीत सविस्तर मांडलं ते शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी, १८९६ च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' ग्रंथात. तेही मुरुडचेच, पण रत्नागिरीकडच्या, दापोली तालुक्यातल्या मुरुडचे.