रक्तपेशींचे कूळ शोधणारे पॉल एर्लिक

रक्ताचा थेंब रंग न देता सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पांढऱ्या पेशींमधला भेद फारसा कळत नाही. तो उघड केला जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी.

सायलेशियातील स्ट्रेलेन (आता पोलंडमध्ये) या गावी १४ मार्च १८५४ रोजी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नात्यातील कार्ल वायगर्ट यांच्यामुळे विद्यार्थिदशेतच त्यांना कापडाच्या रंगांचा छंद जडला. १८७८ मध्ये ते बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात दाखल झाले. काचेवर पसरून सुकविलेल्या रक्ताला उष्णता द्यायची आणि मग रंग चढवायचा, ही त्यांची रीत. कोणत्या पेशीतील कण कोणता रंग घेतात, यावरून त्यांनी पेशींचे प्रकार ठरविले. अस्थिमज्जेत या पेशींची अपक्व रूपे असतात आणि ल्युकेमियासारख्या विकारात ती रक्तात उतरतात, हेही त्यांनी दाखविले. रक्ताच्या एका थेंबावरून मज्जेची अवस्था ओळखण्याची वाट त्यामुळे खुली झाली.

क्षयाचे जंतू रंगविण्याची पद्धत सुधारणाऱ्या एर्लिक यांना पुढे स्वतःच्याच थुंकीत ते जंतू सापडले! शारिटे सोडून ते हवापालटासाठी इजिप्तला गेले. परतल्यावर रोगप्रतिकाराच्या अभ्यासाकडे वळले आणि १९०८ चे नोबेल त्यांना मेचनिकॉव्ह यांच्यासह मिळाले. उपदंशावरील साल्व्हर्सानने त्यांची कीर्ती जगभर पोहोचली.

एका बाबतीत मात्र त्यांचा अंदाज चुकला. कणयुक्त पेशी मज्जेच्या आणि लिम्फोसाइट लसिका ग्रंथींच्या, असे दोन वेगळे वंश ते मानत. लिम्फोसाइटला त्यांनी फारसे महत्त्व दिले नाही. प्रतिपिंडांचा सिद्धांत मांडणाऱ्या या शास्त्रज्ञाला, प्रतिपिंडे याच पेशींच्या वंशजांकडून तयार होतात, हे ठाऊक नव्हते. सर्व रक्तपेशींची जननी एकच, असे रशियन शास्त्रज्ञ मॅक्सिमॉव्ह यांनी १९०९ मध्ये आग्रहाने मांडले. पण वाद मिटला नाही. २० ऑगस्ट १९१५ रोजी एर्लिक यांचे बाड होम्बुर्ग येथे निधन झाले. नाझी राजवटीत फ्रँकफुर्टमधील त्यांच्या नावाच्या रस्त्याचे नाव पुसले गेले. युद्धानंतर ते पुन्हा देण्यात आले.

मूळपेशींचा प्रायोगिक पुरावा कॅनडातील टिल आणि मॅककुलक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिला. पुढे असेही दिसले, की निरोगी माणसाच्या रक्तातही मूळपेशी अल्प संख्येने फिरत असतात, तर टी-पेशींचे पूर्वज मज्जेतून रक्तावाटे थायमस ग्रंथीत जाऊन तिथे पक्व होतात. आता प्रत्यारोपणासाठी दात्याला औषध देऊन मूळपेशी रक्तात उतरविल्या जातात आणि बहुतेक वेळा दंडातूनच गोळा केल्या जातात. कमरेच्या हाडात सुई घालण्याची गरज क्वचितच पडते.